जाड कागदावरचे आम्ही

लेखाची खरी किंमत कळते ती दंतवैद्याला, मॉड्युलर किचनवाल्याला आणि मिसळवाल्याला. लेखकाला ती कधीच कळलेली नाही. मासिकात आपल्याबद्दल छापून आलं की ही मंडळी त्या पानांच्या पाचशे प्रती वेगळ्या मागवतात, पण जशाच्या तशा नाही. शेजारची दुसऱ्याची जाहिरात उडवा, 'पान ६२ वर' पळालेली शेपटी मागे आणा, मासिकाचं नाव वर ठसठशीत राहू द्या, शेवटच्या पानावर आमचा लोगो, मोबाइल नंबर आणि शाखांचे पत्ते टाका, आणि कागद १७० जीएसएमचा आर्ट पेपर, वर मॅट लॅमिनेशन. या फर्माइशीत मजकुराचा उल्लेख कुठेही नसतो. त्यावरून माझं ठाम मत असं की गिऱ्हाइकाला हवं असतं ते मासिकाचं नाव, लेख त्याच्यासोबत फुकट येतो. आपली स्तुती आपणच छापली की ते पत्रक होतं; तीच दुसऱ्याने छापली की दाखला. आम्ही लेखक म्हणजे त्या दाखल्यावर शिक्का मारणारे कारकून. फरक एवढाच, की कारकुनाला निदान चहा तरी विचारतात.

पुरावा हवा असेल तर कुठल्याही जुन्या उपाहारगृहात गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहावं. तिथे गणपती आणि दरपत्रक यांच्या मधोमध फ्रेम केलेलं कात्रण असतं. पिवळी आणि गुलाबी शाई उन्हाने आधी उडते, निळी चिवट असते; त्यामुळे कात्रणातली मिसळ काही वर्षांत आकाशी होते, तर्री जांभळट दिसू लागते आणि मालकांच्या चेहऱ्यावर विषबाधेची कळा येते. तरीही कात्रण उतरत नाही. जरा जवळ गेलं की कळतं, मूळ लेख 'शहरातल्या दहा मिसळी' असा होता, आणि उरलेल्या नऊ माउंटच्या कागदाखाली गाडलेल्या आहेत. उरलेल्या एकीवरच्या परिच्छेदाला बॉलपेनने चौकट आहे. 'रस्सा उत्तम, मात्र' इथे ओळ संपते; 'मात्र'च्या पुढचं काय ते फ्रेमवाल्याला ठाऊक. संपादक म्हणून या फ्रेमवाल्यांचा मला हेवा वाटतो. माझ्या लेखातलं नेमकं काय कापावं हे इतकं अचूक अजून कोणाला जमलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, मिसळवाल्याने चार ओळी मिरवल्या तर बिघडलं काय? मिसळीपुरतं काहीच नाही. पण हाच धंदा औषधांच्या दुनियेतही चालतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००० साली व्हायॉक्स या वेदनाशामक औषधावरचा एक अभ्यास छापून आला. त्या लेखाची नऊ लाखांहून जास्त पुनर्मुद्रणं विकली गेली, आणि त्यातली बहुतेक औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीनेच घेतली. अमेरिकेतल्या दर डॉक्टरला एक देऊनही उरतील इतकी. २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं. अभ्यासातले हृदयविकाराचे तीन झटके लेखात आलेच नव्हते, अशी चिंता नियतकालिकाच्या संपादकांनी २००५ च्या डिसेंबरात छापून व्यक्त केली. ती छापली गेली नियतकालिकात. वाटून झालेल्या लाखो गुळगुळीत प्रतींवर ती चिकटवायला कोण जाणार? मासिकाला पुढचा अंक असतो, चूक झाली तर दिलगिरीची चौकट असते, खवळलेल्या वाचकाचं पत्र असतं. पुनर्मुद्रणाला पुढचा अंक नसतो, आणि गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं ते बहुधा त्यासाठीच. इथे मला हसू येत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच जातभाईंचा: एरवी लेख महिन्याभरात रद्दीत जातो, इथे निदान दवाखान्याच्या टीपॉयवर वर्षभर राहतो, मग कुरकुर कशाला? कुरकुर पैशांची आहे. छापणारा बिल लावतो, मासिक परवानगीचे पैसे घेतं, आणि लेखकाला ही बातमी दात दुखल्यावर कळते. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा मात्र लेखकाशी बराच प्रेमाने वागतो. मासिकाच्या पगारी नोकराने लिहिलेल्या लेखावरही, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरताच. बाकी सगळ्या बाबतींत पहिला मालक लेखक. बाहेरून लिहिणाऱ्याने हक्क दिले असतील तर ते लेखी असावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे किचनवाल्याच्या माहितीपत्रकात लेख जाण्याआधी निदान एक फोन लेखकाला यायला हवा.

तो फोन आला तर काय होईल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. हे कलम मला पाठ आहे, मानधनाचा आकडाही मनात ठरलेला आहे. पण पलीकडून कोणी 'सर, आर्ट पेपरवर घेतोय' असं म्हणालं की त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटणार नाही. मी फक्त एवढंच विचारीन की माझं नाव शाखांच्या पत्त्यांपेक्षा मोठ्या टायपात येईल ना, आणि फोटो माझा मीच पाठवला तर चालेल का. डोक्यावर केस असलेला एक शिल्लक आहे.