शिक्षा नातवाला, बिल आजीला

मार्था राइट या वॉशिंग्टन डी.सी.च्या निवृत्त परिचारिका. दृष्टी गेलेली, त्यामुळे तुरुंगातल्या नातवाशी पत्रव्यवहार अशक्य. नातू दूरच्या राज्यात, म्हणून भेटही अवघड. उरला फोन, आणि त्याचं बिल त्यांच्या मिळकतीला झेपेना. २००० साली त्या कोर्टात गेल्या. कोर्टानं प्रकरण अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे पाठवलं. तिथे २००३ साली अर्ज केला. आयोगानं दराला पहिला लगाम घातला २०१३ साली. एवढा काळ एका आजीला ताटकळत ठेवणाऱ्या यंत्रणेला लाज वाटायला हवी होती.

दर इतके का चढले? फोन कोणत्या कंपनीचा, हे बिल भरणारी आई ठरवत नाही. ठरवतो शेरीफ किंवा तुरुंग विभाग. कंपनी प्रत्येक कॉलच्या पैशातून त्यांना कमिशन देत आली. मग ठेका स्वस्त दर देणाऱ्याकडे कशाला जाणार? तो जास्त वाटा देणाऱ्याकडे जात आला. सेक्युरस आणि वायापाथ या दोन कंपन्यांच्या हातात आज बहुतेक बाजार आहे. ही सरळसरळ लूट आहे, आणि तिच्यात सरकारी खातं भागीदार आहे. त्यातही स्थानिक जेलांमधले बहुतेक लोक अजून दोषीसुद्धा ठरलेले नसतात. कित्येक जण केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत असतात. अशा माणसाच्या बायकोनं मुलाला बापाचा आवाज ऐकवायचा, तर त्याचेही पैसे मोजायचे.

मार्थाबाई २०१५ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाचा कायदा झाला जानेवारी २०२३ मध्ये. २०२४ साली आयोगानं तुरुंगांसाठी मिनिटाला सहा सेंटची मर्यादा ठरवली, कमिशनही बंद केलं. आणि २०२५ मध्ये त्याच आयोगानं आधी अंमलबजावणी पुढे ढकलली, मग मर्यादाच वर नेली. कारण काय, तर कॉल रेकॉर्ड करायचा, पाळत ठेवायची, त्याला खर्च येतो. येतो ना! पण कैद्यावर नजर ठेवणं हे सरकारचं काम. त्याची वसुली त्याच्या आईकडून कोणत्या न्यायानं?

कनेक्टिकटनं २०२२ पासून तुरुंगातले कॉल मोफत केले. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्सनंही तेच केलं. तिथे तुरुंग चालू आहेत, पाळतही चालू आहे. खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तो पहिल्या दिवसापासून तिथूनच व्हायला हवा होता.