गणित पहिल्याच टर्मला घ्या

कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं नाव अजूनही आवाज खाली करून घेतलं जातं. मुलगा कुठे शिकतो विचारलं, की आई म्हणते, "इथेच, जवळच." बाप विषय बदलतो. मला या लाजेचा राग येतो, कारण तिच्यापायी पोराच्या दोन वर्षांकडे कोणी धड बघतच नाही. थेट बर्कलीला प्रवेश मिळाला असता, तर याच बापाने एकेक विषय तपासला असता. इथे मात्र "जा, दोन वर्षं काढ, मग विद्यापीठात ट्रान्सफर घे" एवढं सांगून घर मोकळं होतं.

मग जाग येते ती दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, अर्ज ऑक्टोबरात सादर करायला सुरुवात होते आणि नोव्हेंबर सरता सरता मुदत संपते. धावपळ करून निबंध तपासणारा सल्लागार गाठतात, त्याला पैसे मोजतात. तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. पहिल्या टर्मच्या नावनोंदणीला गणिताचा कुठला वर्ग घेतला, तिथेच ते ठरलेलं असतं.

हिशेब मांडून बघा. कुपर्टिनोचं डी अँझा कॉलेज क्वार्टर पद्धतीवर चालतं; उन्हाळा सोडला तर वर्षाला तीन क्वार्टर. कॅल्क्युलस चार क्वार्टर चालतं आणि त्याच्या पुढे लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. इंजिनिअरिंगला जायचं तर हे सगळं लागतं. पहिल्या क्वार्टरला कॅल्क्युलस सुरू केलं, तर दुसऱ्या वर्षाच्या मध्याला आटोपतं. "आधी जरा उजळणी करू" म्हणत दोन क्वार्टर प्रीकॅल्क्युलसमध्ये घालवली, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला मुलगा कसाबसा कॅल्क्युलस संपवतो आणि पुढचे दोन विषय राहतात. भौतिकशास्त्राचे वर्ग कॅल्क्युलसवर उभे, तेही मागे सरकतात. मुलाच्या ग्रेड उत्तम असतात, एकही वर्ग चुकवलेला नसतो, तरी एक वर्ष जातं. उजळणी करायचीच असेल, तर ती शाळा सुटल्यावर, कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात करा.

"आधी कॉलेजची सवय होऊ दे, सोपे विषय घे" हा नातेवाइकांचा लाडका सल्ला. सोपे म्हणजे सामान्य शिक्षणाचे: इतिहास, कला, मानसशास्त्र. हे विषय निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोघांना चालेल असा एकच आराखडा आला आहे, कॅल-जीईटीसी, ३४ सेमिस्टर युनिटचा. पण इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांनी आधी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, तयारी पुरी करावी, हे विद्यापीठ स्वतःच सांगतं. राहिलेला कलेचा विषय विद्यापीठात गेल्यावरही घेता येतो. राहिलेल्या लिनिअर अल्जेब्राने दार बंद होतं.

गणित मागे राहिलं की काय होतं, हे महाराष्ट्रात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्या कोणालाही विचारा. एम-थ्रीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताचा, पेपर समोर आला, तेव्हा कसं झालं होतं? हुशारीत ती मुलं कुठेच कमी नव्हती. डिप्लोमाला गणित किती आणि पदवीला किती, हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं.

कॅलिफोर्नियात सांगणारं आहे, फुकट आहे, आणि तरी उघडलं जात नाही. 'असिस्ट' नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडा. इथला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल, ते समोर येतं. पहिल्या आठवड्यात ते पान छापून काउन्सेलरसमोर ठेवा. एकाच विद्यापीठाचं नको, तीन-चारांचं. एकाच मेजरला एक कॅम्पस जो विषय मागतो, तो दुसरा मागतोच असं नाही.

इथे माझी सरकारशीही तक्रार आहे. १९६० साली यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने झालेल्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनने वचन दिलं: कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, आणि तिथून नेटाने शिकणाऱ्याला वर जायची वाट. वचन थोर होतं. आज ११६ कॉलेजं, पदवीचे वर्ग असलेले यूसीचे नऊ कॅम्पस, आणि प्रत्येक मेजरचा वेगळा करार. अठरा वर्षांच्या मुलीने नोकरी सांभाळून हे करार वाचायचे आणि जुळवायचे. सगळ्या कॉलेजांत सारख्या विषयाला सारखा क्रमांक द्या, असा कायदा २०२१ साली झाला. तो आता टप्प्याटप्प्याने लागू होतोय. साठ वर्षं लागली एवढ्याला.

आता ग्रेडबद्दल, कारण आपल्या घरांत इथे मोठा गैरसमज आहे. एटीकेटी आणि पुनर्परीक्षेत वाढलेल्या आईबापांना वाटतं, कमी पडले तर पुन्हा बसेल. इथे तसं नाही. सी ग्रेड मिळाली, की विषय पुन्हा घेऊन ती पुसता येत नाही. डी किंवा एफ असेल तरच पुन्हा घेतलेल्याचा उपयोग. म्हणून वर्ग हाताबाहेर जातोय हे चौथ्या आठवड्यात कळायला हवं, आणि त्यासाठी ऑफिस अवर्सना जायला हवं. प्राध्यापकाला भेटणं म्हणजे कमीपणा, हे मुलांच्या डोक्यातून काढा. यूसीसाठी राज्यातल्या रहिवाशाला किमान जीपीए २.४ लागतो, हेही वाचून निर्धास्त होऊ नका. बर्कली किंवा यूसीएलएच्या संगणकशास्त्रापुढे त्या आकड्याला काडीची किंमत नाही.

सहा कॅम्पस प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. हमीचा अर्ज सप्टेंबर महिन्यात, आणि एकाच कॅम्पसला करता येतो. काही ठिकाणी मागणीचे मेजर तिच्यातून वगळलेले असतात, तेही आधी बघा. दिवाळीत जागं होणाऱ्या घराची ही मुदत केव्हाच गेलेली असते.

आणि लाज कसली? सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर फी, आणि कॅल्क्युलस शिकवायला असा माणूस ज्याचं मुख्य काम शिकवणं हेच आहे. मोठ्या विद्यापीठात तोच विषय शेकडो मुलांच्या सभागृहात, मागच्या रांगेतून ऐकावा लागतो. वर्गात हात वर करून प्रश्न विचारायचा असेल, तर पहिली दोन वर्षं मी इथेच पाठवेन. यूसीचं धोरणही दोन नवागतांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घेण्याचं आहे. मागच्या दाराने कोणी येत नाही.

अर्ज गेला म्हणजे सुटलो, असंही नाही. जानेवारीत ताज्या ग्रेड आणि चालू विषय यूसीला कळवावे लागतात. एप्रिलमध्ये होकार येतो, तो वसंतातले विषय पुरे करण्याच्या अटीवर, आणि क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ती टर्म जूनपर्यंत चालते. पेढे जरूर वाटा, पण डिफरन्शियल इक्वेशन्सचा वर्ग सोडू देऊ नका.