लॅब की ऑब्झर्व्हेटरी? औंढ्याच्या यजमानांसाठी सूचना

औंढा नागनाथाचं दर्शन आटोपलं की हल्ली पाहुणा हमखास विचारतो, "ते लायगो का काय, ती लॅब कुठं व्हायलीय?" त्याचं इंग्रजी सुधारायला सरसावण्याआधी हे वाचा.

आपल्याकडं लॅब म्हणजे रक्त-लघवीची. उपाशीपोटी जायचं, दंड पुढं करायचा, संध्याकाळी रिपोर्ट. त्यामुळं गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या लायगोसाठी जवळच्या दुधाळ्याच्या माळावर 4-4 किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात येणार म्हटल्यावर "एवढं रक्त कुणाचं काढायलेत?" असं कुणी विचारलं, तर हसू नका. लॅबोरेटरीच्या मुळाशी लॅटिनमधले कष्ट आहेत. तिथं माणूस काहीतरी करतो. ऑब्झर्व्हेटरीत तो नुसता टक लावून बसतो.

ओळखायची खूण सोपी. आतल्या माणसाला म्हणा, "पुन्हा करून दाखवा." दाखवलं तर लॅब. "आता कधी येईल, सांगता येत नाही" म्हणाला तर ऑब्झर्व्हेटरी. सरावाला घरची हळद घ्या. ती शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं ही लॅब. कच्ची राहिली तर परत कढईत. पुढं हिंगोलीच्या बाजारात ढिगाशेजारी उभं राहून भावाकडं बघणं, ही अस्सल ऑब्झर्व्हेटरी.

मराठीत बोलून सुटका होईल, या भ्रमात राहू नका. "वेधशाळा" म्हणालात की शेतकरी पाऊस विचारतो आणि आजी विचारते, वेध कधीपासून पाळायचे.

आता अवघड भाग. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केलेल्या या प्रकल्पाच्या नावात शेवटी ऑब्झर्व्हेटरी आहे, पण सामान बघाल तर लेझर, आरसे, निर्वात नळ्या, म्हणजे सगळं लॅबचं. दुर्बीण शोधू नका. इथं गुरुत्वीय लहरीमुळं नळ्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा आहे. त्यात अमेरिकेतल्या अशा दोन ऑब्झर्व्हेटरी चालवणाऱ्या संस्थेचं नाव काय, तर लायगो लॅबोरेटरी! पाहुणा अगदीच चुकला नव्हता. त्याला चहा पाजा.

तुम्ही मात्र आपली खूण सोडू नका. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या त्याच दोन ऑब्झर्व्हेटरींना पहिली गुरुत्वीय लहर सापडली. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली, सुमारे 130 कोटी वर्षं वाट चाललेली ती लहर 0.2 सेकंदात निघून गेली. पुन्हा करून दाखवा, म्हणता कुणाला?