बंद दुकानांच्या देशात नाताळ कसा करावा

सर्वप्रथम रजा मंजूर करून घ्यावी. उरलेली रजा ३१ डिसेंबरला वाया जाते, हेच पुष्कळ मराठी बॅकपॅकर घडण्याचं खरं कारण आहे. भटकंतीची ओढ वगैरे मागाहून इन्स्टाग्रामसाठी सुचते. मग शेंगेन व्हिसा काढावा. त्याची फी ९० युरो, वर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. आणि बँकेचं स्टेटमेंट असं हवं, की ते पाहून आपल्यालाच आपल्याविषयी आदर वाटावा.

बॅग भरण्याचं काम आपलं नसून आईचं असतं. थालीपिठाची भाजणी आणि चिवडा मुकाट्यानं घ्यावा, पुढे कळेल का ते. साजूक तुपाची बरणी मात्र बाहेर काढावी, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. ही बातमी आईला द्यायला वडिलांना पुढे करावं.

नवशिक्यांनी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गपासून सुरुवात करावी. तिथल्या मुख्य चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांचा नाताळबाजार भरतो. बोटाएवढी तीन सॉसेजं एका पावात घालून मिळतात. सुकवलेल्या आलुबुखारांना हातपाय आणि टोपी चढवून केलेल्या बाहुल्या मिळतात, त्या खायच्या नसतात. मसाल्याची गरम वाइन चिनी मातीच्या मगमधून देतात आणि मगचं डिपॉझिट आधीच कापून घेतात. मग परत केला की पैसे परत. तो ढापल्याच्या आनंदात हॉस्टेलवर आणणाऱ्यानं लक्षात घ्यावं की आपण तो रोख मोजून विकत घेतला आहे. दारू न पिणाऱ्यांनी मुलांसाठीचं फळांचं गरम पेय मागावं. मिशा असल्या तरी देतात.

शाकाहारी मंडळींनी जर्मन बाजारांत बटाट्याच्या किसाचं तळलेलं धिरडं कुठे दिसतं का ते शोधावं. त्याबरोबर सफरचंदाचा गोड गर देतात. पहिल्या घासाला कपाळावर आठी येते, तिसऱ्याला जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. गणपतीत वाढलेल्या माणसाचा असा ठाम समज असतो, की सण म्हणजे रस्ता, आणि मुख्य दिवस म्हणजे मुख्य गर्दी. या हिशेबानं तो बरोबर २४ डिसेंबरला संध्याकाळी येऊन पोचतो. बाजार त्या दिवशी दुपारी दोनलाच आटोपलेला असतो. एव्हाना फळ्या उतरवणं चालू असतं. चूक बाजाराची नाही. तो मुळात नाताळाच्या आधीच्या आठवड्यांचा, वाट पाहण्याच्या दिवसांचा. आपल्याकडे गणपती आला की गर्दी सुरू होते; त्यांचा बाळ येशू यायच्या सुमारास ती संपते आणि जो तो घरात जाऊन दार लावतो. तेव्हा निदान चार दिवस आधी पोचावं.

२४ ला दुपारी दुकानंही बंद होतात. पुढे २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या. २६ ला शनिवार आला तर २७ च्या रविवारीही शटर खालीच, कारण रविवारी तिथे एरवीही बाजारहाट नसतो. म्हणून २३ तारखेलाच पाव, अंडी, बटाटे, कांदे आणि दही भरून ठेवावं. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं उघडी असतात, आणि एखादा तुर्की डोनरवालाही दुकान उघडून बसलेला सापडू शकतो. तो सापडला की फलाफल मागावं आणि टिप सढळ हातानं ठेवावी.

२४ च्या तिन्हीसांजेला, म्हणजे साडेचारला, रस्ता रिकामा होतो. खिडक्यांत दिवे, आत भेटवस्तू उघडणारी मुलं, आणि पुष्कळ घरांत त्या रात्रीचं जेवण म्हणून बटाट्याचं सॅलड आणि उकडलेली सॉसेजं! पुरणपोळीवर पोसलेल्या माणसाला हे ऐकून यजमानांची दया येते. हंस भाजायचा तो दुसऱ्या दिवशी. अशा वेळी आईच्या मैत्रिणीचा भाचा जवळच राहतो हे आठवून ‘सहज आलो होतो’ म्हणत त्याची बेल वाजवू नये. तिथे सहज कोणी येत नाही, आणि तो भाचाही आता तिथलाच झालेला असतो.

दार सर्वांना उघडं असतं ते चर्चचं. सेंट लोरेंझमध्ये शिरावं, मागे उभं राहावं आणि मान वर करावी. छतापासून साखळीनं लोंबणारं, गुलाबांच्या कड्यातलं मेरी आणि देवदूत गॅब्रिएलचं लाकडी शिल्प दिसेल. शिल्पकार फाइट श्टॉसनं ते १५१७-१८ मध्ये कोरलं. ‘सायलेंट नाइट’ लागलं तर शब्द येत नसले तरी ओठ हलवावेत. ते १८१८ मध्ये साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीवर. तेव्हा आपण भलत्याच गंभीर सोहळ्यात घुसलो अशी धास्ती बाळगू नये.

मग हॉस्टेलचं स्वयंपाकघर. घरी न गेलेले सगळे तिथे जमतात आणि प्रत्येकाजवळ पास्ता असतो. इथे भाजणी काढावी. फोडणीच्या भानगडीत पडू नये. मोहरी तडतडून धूर झाला की छतावरचा अलार्म वाजतो आणि सगळा मजला स्वेटर घालून रस्त्यावर उभा राहतो. तव्याचा नॉनस्टिक थर आधीच्या पिढ्यांनी काट्यांनी खरवडून नेलेला असतो, म्हणून थालीपीठ कागदावर थापावं, आच मंद ठेवावी, मधल्या भोकात तेल जरा जास्तच सोडावं. हा डोनट आहे का, असं कोणीतरी विचारेल. हो म्हणावं. घरी तेव्हा साडेचार तास पुढची वेळ असते, तरी मध्यरात्रीनंतरही ‘जेवलास का?’ हा मेसेज येतोच. उत्तरादाखल फोटो पाठवावा. काकूचं ‘कडा जाड राहिल्यात’ सकाळी येईल.

३१ डिसेंबरला जर्मन टीव्हीवर ‘डिनर फॉर वन’ हे १९६३ साली चित्रित झालेलं इंग्रजी प्रहसन लागतं. सगळ्यांना ते पाठ असतं, तरी सगळे हसतात. आपणही हसावं. फटाक्यांचं अप्रूप दाखवू नये, लक्ष जामभरल्या गोल डोनटांच्या ताटाकडे ठेवावं, कारण त्यातल्या एखाद्यात गंमत म्हणून मोहरीची पेस्ट भरतात. तो आपल्याच वाट्याला आला तर चेहरा न बदलता संपवावा आणि शांतपणे दुसरा मागावा.