उत्तेजनार्थ चषकांचे चिरंजीवित्व

अमेरिकेतील आरंभीच्या कंट्री क्लबांचे, म्हणजे खेळ, मेजवान्या आणि आपल्यासारख्याच धनिकांचा सहवास यांसाठी शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर काढलेल्या सभासद-संस्थांचे, गोल्फचषक जमवणाऱ्या गृहस्थाच्या कपाटात विजेत्यांपेक्षा पराभूतांचीच नावे अधिक आढळतात, आणि याचे कारण त्या गृहस्थाच्या अभिरुचीत नसून चांदीच्या भावात आहे.

जिंकणाऱ्याने काही घरी न्यावे, अशी या खेळाची मूळ रीत नव्हती. एडिंबरा नगरीने १७४४ मध्ये तेथील गोल्फपटूंना चांदीची एक काठी दिली, परंतु ती कोणाच्याही मालकीची होणार नव्हती. उलट विजेत्यानेच आपले नाव कोरलेला चांदीचा चेंडू तिला जोडायचा असल्यामुळे विजयाने मान वाढे आणि खिसा हलका होई. बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘द कंट्री क्लब’ने सुरुवातीस घोड्यांवर भर देऊन १८९३ मध्ये गोल्फ स्वीकारला, त्या सुमारास इतरत्रही असे क्लब निघू लागले होते, आणि तेथील सभासदांना हा स्कॉटिश काटकसरीपणा मानवण्याजोगा नव्हता. हौशी खेळाडूने पैसे घेणे अप्रतिष्ठेचे, त्यामुळे रोख रक्कम पोटासाठी खेळणाऱ्या व्यावसायिकाकडे जाई (१८९५ च्या पहिल्या यूएस ओपन स्पर्धेत होरेस रॉलिन्सला दीडशे डॉलर मिळाले), तर सभ्य गृहस्थाची बोळवण चषकावर होई. आता सभ्य गृहस्थ बरेच आणि विजेता एकच, ही अडचण स्पर्धा-समित्यांनी ज्या उदारपणाने सोडवली, त्याला क्रीडेच्या इतिहासात तोड नसावी.

पात्रता फेरीतील पहिल्या सोळा जणांत समोरासमोरचे सामने होत व त्यांतून विजेता आणि उपविजेता निघे; पण पुढच्या सोळांची दुसरी फळी, त्यानंतरच्यांची तिसरी, आणि पहिल्याच फेरीत गारद झालेल्या आठ जणांची आणखी एक उत्तेजनार्थ स्पर्धा, अशी व्यवस्था असल्याने हरण्याचे काम नेटाने करणाऱ्यालाही काही ना काही मिळण्याची आशा उरे. शिवाय हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला त्याच्या फटक्यांच्या बेरजेतून मिळणारी सूट, होतीच. त्यातील ‘किकर्स हँडिकॅप’ नावाच्या प्रकारात ही सूट खेळाडूने स्वतःच ठरवायची आणि सूट वजा जाता उरणारी त्याची बेरीज चिठ्ठीने काढलेल्या आकड्याशी जुळली की बक्षीस घ्यायचे, असा नियम असे. लग्नातल्या आहेराप्रमाणे येथे कोणी रिकाम्या हाताने परतू नये, हाच हेतू दिसतो.

एवढ्या चषकांना अस्सल चांदी परवडणारी नसल्यामुळे मुख्य विजेत्याला स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असलेला धातू, आणि खालच्यांना जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा, अशी विभागणी सोयीची ठरे. (जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी फक्त नावात.)

मानाच्या चषकांच्या कुंडलीत अग्निभय ठळक दिसते. राष्ट्रीय हौशी स्पर्धेचा हॅवमायर चषक १९२५ मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेक क्लबातील आगीत गेला. यूएस ओपनचा चषक १९४६ मध्ये शिकागोजवळच्या टॅम ओ’शँटर क्लबात त्याच वाटेने गेला. व्यावसायिकांच्या स्पर्धेचा वानामेकर चषक विजेत्या वॉल्टर हेगनने, त्याच्याच सांगण्यानुसार, टॅक्सीचालकाच्या हवाली केला आणि तो १९३० मध्ये डेट्रॉइट येथे एका कारखान्याच्या तळघरात सापडला. १९२८ मध्ये हरेपर्यंत हेगन स्पर्धा जिंकतच राहिल्याने चषक कोठे आहे, हे विचारण्याची वेळ तोवर कोणावर आली नाही. आगीतून वाचलेल्या स्टर्लिंगला जानेवारी १९८० ने गाठले. वर्षभरापूर्वी औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी पन्नासच्या घरात पोहोचली, आणि आजोबांच्या पराक्रमाचे वजन करून पाहण्याचा मोह ज्या वारसांना आवरला नाही, त्यांनी तो मोडीत घातला. मुलाम्याचे चषक घेण्यास मात्र आटणीवाला तयार नसल्याने ते माळ्यावरच राहिले.

त्यामुळे संग्राहकाला उपविजेते, तिसऱ्या फळीचे मानकरी आणि चिठ्ठीने तारलेले भाग्यवान यांच्याच सहवासात दिवस काढावे लागतात. मुलामा पातळ असल्याने फार घासता येत नाही. घासल्यास प्रथम चांदी आणि मग नावही जाते. तरीही पराभूताच्या चषकाची एक सोय अशी, की जुन्या कोऱ्या चषकावर नवी अक्षरे कोरून विकणारा लबाड माणूस मेहनत घ्यायचीच तर ‘विजेता’ असे कोरण्यासाठी घेईल. ‘तिसरी फळी, उपविजेता’ ही अक्षरे पैसे मोजून खोटी कोरवून घेण्याचे कारण कोणालाही सुचत नसल्याने अशा चषकाच्या अस्सलपणाविषयी जाणकार सहसा प्रश्न विचारत नाहीत, आणि किंमत सांगताना विक्रेताही फारसा ताणत नाही.