साहेब पचवण्याची जुन्नरी रीत

त्रासदायक वरिष्ठाशी कसे वागावे, या विषयावरील ग्रंथ बहुधा वरिष्ठांनीच लिहिलेले असल्यामुळे त्यांत कनिष्ठाने काय करावे याचा उपदेश विपुल आढळतो. कनिष्ठ प्रत्यक्षात काय करतो, याची नोंद मात्र सहसा सापडत नाही. ही उणीव भरून काढण्यास पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश दुसरा नसावा, कारण सातवाहन, क्षत्रप, बहमनी, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज आणि अखेरीस जिल्हा परिषद अशी वरिष्ठांची लांबलचक रांग या भागाने दोन हजार वर्षांत पाहिली असून, त्यांच्या हाताखाली राबलेल्यांपैकी काहींनी आपल्या युक्त्यांचा पुरावा चक्क दगडात कोरून ठेवला आहे.

या पुराव्यांत पहिला मान अयम नावाच्या अमात्याचा, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा, आहे. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत त्याने पुण्यप्राप्तीसाठी पाण्याचे टाके व मंडप दान केल्याचा, वर्ष ४६ असा उल्लेख असलेला लेख आहे. दान अयमाचे, पुण्यही अयमाचेच. तरी लेखाचा आरंभ होतो तो राजा महाक्षत्रप स्वामी नहपान या नावाने, आणि खरा देणगीदार त्यानंतर आपले गोत्र सांगत, अंग चोरून प्रवेश करतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत दिलेल्या दानांच्या लेखांत सासऱ्याचा उल्लेख नुसता 'क्षत्रप' असा आहे, तर जुन्नरच्या लेखात तो 'महाक्षत्रप' झालेला आहे. नाशिकच्या लेखांतील वर्षे ४१ ते ४५ अशी असल्याने मधल्या काळात नहपानाला बढती मिळाली असावी, असा अभ्यासकांचा तर्क असून तो मान्य करण्यास हरकत नाही. परंतु बढतीची बातमी दगडावर घालण्याची तत्परता अमात्याने दाखवावी, यात कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही नवल वाटणार नाही. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे ठसे उमटवले, आणि नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर जुन्या साहेबाच्या मुखावर नव्या साहेबाचा शिक्का बसलेला दिसतो. अयमाच्या लेखावर मात्र कोणी छिन्नी चालवली नाही.

कल्याण बंदराकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी खोदलेल्या नाणेघाटात याहून जुना पुरावा आहे. येथील लेण्यात राणी नागनिकेच्या लेखासोबत सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा रांगेने कोरलेल्या होत्या व प्रत्येकीवर नाव लिहिलेले होते. नावे राहिली, प्रतिमा नष्ट झाल्या, आणि त्यांचे उरले ते केवळ पायांचे अवशेष. वरिष्ठाच्या देहाचा जो भाग कनिष्ठाच्या नित्य उपयोगाचा असतो, नेमका तेवढाच काळाने शिल्लक ठेवावा, हा योगायोग पुरातत्त्वज्ञांच्या नजरेतून निसटलेला दिसतो.

दुसरी रीत बंडाची असून तिचा आद्य प्रवर्तक जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद हा होय. बिदरच्या बहमनी दरबारात त्याच्या वडिलांचा १४८६ मध्ये खून झाल्यावर वरिष्ठांशी आपले जमणार नाही हे त्याने ओळखले, बिदरहून चालून आलेल्या फौजांचा समाचार घेतला आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाहीची स्थापना केली. तिची राजधानी आरंभी जुन्नर हीच होती. ही रीत मोहक असली तरी तिला हाताशी किल्ले लागतात, आणि आजच्या लिपिकाच्या ताब्यात फार तर कपाटाची किल्ली असते. म्हणून तिचा आधुनिक अवतार स्वेच्छानिवृत्ती घेऊन नारायणगावच्या बाजूला टोमॅटो लावण्याचा होय. तो अवलंबिणाऱ्यास काही महिन्यांतच कळून चुकते की बाजारभाव नावाचा नवा साहेब जुन्याहून लहरी असून त्याच्याकडे रजेचा अर्जही चालत नाही.

त्यामुळे बहुसंख्य कनिष्ठ जागेवरच राहतात, आणि त्यांचा खरा सामना होतो तो शेऱ्याशी. शेरा म्हणजे खालून आलेल्या टिपणीच्या समासात वरिष्ठाने लिहिलेला अभिप्राय. त्याचे प्रकार अनेक असले तरी सर्वांत भयंकर प्रकार दोन अक्षरांचा आहे, तो म्हणजे 'बोला'. या शेऱ्यात होकार नसतो, नकार नसतो, पुढे उत्तर द्यावे लागेल अशी कोणतीही जबाबदारी नसते. कनिष्ठाने फाईल घेऊन दालनात जावे, उभे राहावे, साहेबांचा फोन संपेपर्यंत भिंतीवरील नकाशा पाहावा, आणि फोन संपल्यावर 'हे काय आणलंत?' या प्रश्नाला तोंड द्यावे, एवढाच त्याचा अर्थ असतो. बोलणे झाल्यावर फाईल पुन्हा 'तपासून सादर करा' या शेऱ्यासह खाली येते. यावरचा उतारा या भागातील भूगोलाने पुरवला आहे. अधिकाऱ्याने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे असा दंडक असला तरी पुण्याहून जाऊन-येऊन करणाऱ्यांची संख्या बरीच असते, आणि अशा साहेबाचा शुक्रवारचा जीव चाकणच्या वाहतूक कोंडीत अडकलेला असतो. अनुभवी लिपिक अडलेली फाईल आठवडाभर दाबून ठेवतो आणि चालकाने गाडी सुरू केल्यावर, एक पाय गाडीत व एक पाय पायरीवर अशा अवस्थेतील साहेबापुढे बॉनेटवर ती उघडून धरतो. शिपाई एका हाताने पाने उडू देत नाही व दुसऱ्या हाताने सहीची जागा दाखवतो. 'बोला' लिहिल्यास सोमवारी आपल्यालाही बोलावे लागेल, हे त्या क्षणी साहेबास जेवढे स्पष्ट दिसते तेवढे एरवी दिसत नाही, आणि सही होते.

फोनने मात्र ही सोय बरीच हिरावून घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला येणारा 'माहिती तातडीने पाठवा' हा संदेश चुकवण्याचा मार्ग पश्चिमेकडे जातो, कारण भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात 'रेंज नव्हती, साहेब' हे वाक्य खोटे ठरवणे कठीण असते. याच जुन्नर तालुक्यात खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि दूरच्या एका आकाशगंगेतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला रेडिओ संकेत तिने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. विश्वाच्या पलीकडच्या टोकाची हाक ऐकू येणाऱ्या तालुक्यात शेजारच्या दालनातील हाक ऐकू येत नाही, याबद्दल वरिष्ठाने कनिष्ठाविषयी लिहावयाच्या वार्षिक मूल्यमापनात कधी तरी ओरखडा उमटतोच.

साहेबच नसेल तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर आंबेगाव तालुका देतो. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तहसील कचेरी घोडेगावात आहे, मोठी बाजारपेठ मंचरला आहे, आणि नाव तेवढे कागदोपत्री चालू आहे. ज्यांची घरे बुडाली त्यांना यात हसण्यासारखे काही नाही, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की अतिरिक्त कार्यभारावर, म्हणजे दुसऱ्याच ठिकाणच्या अधिकाऱ्याच्या नावावर, चाललेली कार्यालयेही याच तत्त्वावर चालतात आणि अनेकदा बरी चालतात.

या सर्व रीतींत श्रेष्ठ ठरते ती नारायणगावची. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते आणि यात्रांच्या हंगामात येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, जेथे गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात, म्हणजे खेळाचा करार पक्का करतात. गण, गौळण व बतावणी झाल्यावर वग लागतो. वग म्हणजे तमाशातील नाट्य, आणि त्यात राजा असला की त्याच्याजवळ सोंगाड्या असतोच. सोंगाड्याची नोकरी राजाकडे असते, पण निष्ठा पुढे बसलेल्या पब्लिककडे. राजाने 'राज्याची हालहवाल काय?' असे विचारावे आणि त्याने लवून मुजरा करत 'हाल रयतेचे, सरकार. हवा तेवढी तुमची' असे सांगावे, हा त्याचा धर्म. यात आज्ञाभंग नसतो, आवाज चढत नाही, मुजराही नियमाप्रमाणे होतो, त्यामुळे राजाला शिक्षा फर्मावण्यास कलमच सापडत नाही. कचेरीतील मुरलेला शिपाई हेच शास्त्र चहाचा कप ठेवता ठेवता वापरतो.

गावच्या यात्रेत साहेबांना मानाने पुढच्या खुर्चीवर बसवले जाते, नारळ आणि फेटा दिला जातो, आणि मागे बसलेला कर्मचारीवर्ग सोंगाड्याच्या प्रत्येक वाक्याला साहेबांच्या मानेकडे पाहून हसतो. परंतु सर्वांत मोठ्याने हसतात ते साहेबच. रंगमंचावरचा राजा त्यांच्या दृष्टीने पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत बसतो. आणि तेथील लोकांना विचारले, तर तो मुंबईला मंत्रालयात कोणत्या मजल्यावर बसतो तेही ते सांगतील.