गुंडाळा आणि गप्प बसा

झाकण्याच्या बाबतीत मराठी मध्यमवर्गाचा हात धरणारा कोणी नाही. फ्रिजच्या मुठीला आम्ही झालरीचं कव्हर घालतो, मिक्सरला अंगरखा शिवतो, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये असा बांधतो की म्यूटचं बटण कुठलं हे निव्वळ श्रद्धेने दाबावं लागतं. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक निघेपर्यंत सोफा जुना होतो. या घरात एकच वस्तू उघडीवाघडी फिरत होती, ती म्हणजे भाच्याच्या गाडीचा हेडर. ती उणीवही त्याने भरून काढली.

गाडी म्हणजे जुनी मारुती झेन. इंजिन ९९३ सीसीचं, ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिनाच्या चार सिलेंडरांतून जळका वायू बाहेर पडतो, तिथे कंपनीने बिडाचा जाडजूड मॅनिफोल्ड दिलेला असतो. तो काढून हौशी मंडळी चार लांब नळ्या पुढे एकीत जुळवलेला हेडर बसवतात. वायू मोकळा सुटतो हे खरं, पण पातळ नळ्या भट्टीसारख्या तापतात आणि बॉनेटखालच्या सगळ्यांना घाम फोडतात. म्हणून हेडरभोवती काचेच्या धाग्याची विणलेली पट्टी गुंडाळायची.

हा विधी ताईच्या बाल्कनीत पार पडला. पट्टी आधी बादलीत भिजत घातली. भिजली की धागे फारसे उडत नाहीत आणि वाळताना ती घट्ट आवळून बसते. पाव इंच एकावर एक चढवत, प्रत्येक वळणावर ओढून धरत, टोकाला स्टीलच्या पट्ट्या आवळत भाच्याने चारही नळ्यांना बँडेज केलं. हातमोजे मात्र मनगटापर्यंतच होते. पुढचे दोन दिवस तो दोन्ही कोपर दाराच्या चौकटीला घाशीत उभा असायचा. पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा बॉनेटमधून असा धूर निघाला की सोसायटीचे सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन आले. पट्टी नवी असली की हे व्हायचंच, असं भाचा त्यांना समजावत होता. बादली त्यांनी परत नेली नाही.

आता फायदे. भाचा ते पाठ म्हणून दाखवतो. एक, वायू गरम राहिला की त्याचा वेग टिकतो आणि सिलेंडर नीट रिकामा होतो. दोन, टर्बो असेल तर त्याचं चाक याच उष्णतेवर फिरतं. (झेनला टर्बो नाही. पण ज्ञान असावं.) तीन, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय कामाला लागत नाही, तो लवकर तापतो. चार, आणि हा खरा फायदा, बॉनेटखाली गारवा. वायरी, रबरी नळ्या वाचतात आणि इंजिनात जाणारी हवा थंड, म्हणजे घट्ट असते. ती तीन अंशांनी निवली तर साधारण एक टक्का जास्त मावते. पन्नास हॉर्सपॉवरचा एक टक्का म्हणजे अर्धा घोडा. पुढचा अर्धा की मागचा, हे मी विचारलं नाही. लक्ष्मी रोडवर दोन्ही सारखेच थांबतात.

तोटे सांगायला मेस्त्री लागले. त्यांनी बॉनेट उघडलं, बोटाने पट्टी दाबून पाहिली आणि दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, "दादा, गरमी गेली कुठे?"

भाचा गप्प. गरमी कुठेच गेली नव्हती, ती नळीतच कोंडली होती. बाहेरची हवा लागेना, म्हणून साधं लोखंड आणखी तापतं, त्याचे पापुद्रे सुटतात, जोडाशी तडे जातात. तडा पट्टीखाली असल्याने दिसतही नाही. त्यात आपला पावसाळा. पट्टी पाणी धरून ठेवते आणि गाडी चार दिवस उभी राहिली की आत गंजाचं निवांत चालू. त्यावर इंजिनाचं ऑइल गळून मुरलं तर पेटायचीही भीती. स्टेनलेस स्टीलचा हेडर बराच तग धरतो, पण बरेच हेडरवाले पट्टी दिसली की वॉरंटी नाकारतात. मिक्सरच्या अंगरख्यात झुरळं वाढतात, तीच ही गोष्ट. झाकल्याचं सुख बाहेरच्यांना, भोग आतल्याला.

"मग टायटॅनियमची पट्टी लावू?" भाच्याने विचारलं. या नावाने विकली जाणारी पट्टी बहुधा बेसॉल्टच्या धाग्याची असते. बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा दगड. ज्याच्यावर आपण साडेसहा कोटी वर्षं फुकट बसलोय, तोच मीटरवर विकत घ्यायचा. दगड काचेपेक्षा जास्त उष्णता सोसतो हे कबूल, पण आतल्या लोखंडाचे हाल तेच.

सिरॅमिक कोटिंग हा उत्तम उपाय. नळीला आतून-बाहेरून लेप, पाणी मुरायला जागाच नाही. त्याचा भाव ऐकल्यावर भाच्याने झेनचा जुन्या बाजारातला भाव काढला आणि दोन्ही आकडे घरात कुणाला सांगितले नाहीत.

"रेसला नेता का?" मेस्त्रींनी शेवटी विचारलं. "तिथे गुंडाळा. शर्यत झाली की सोडा, तपासा, परत गुंडाळा. रोजच्या गाडीला साधा पत्रा बरा. नळीपासून बोटभर लांब बसवायचा. मधून हवा खेळते, नळी श्वास घेते, बॉनेटही तापत नाही. कंपनीने तेच तर दिलं होतं की."

दिलं होतं खरं. पण तो पत्रा भाच्याने मॅनिफोल्डबरोबरच भंगारात घातला होता, गाडीचं वजन कमी करायला. आता रविवारी तो जुन्या बाजारात तसलाच पत्रा शोधायला निघालाय. माझ्या गाडीतून. त्याची तिथवर जाईपर्यंत तापते.